मागून "थांब" आलं की

आमच्या काचेच्या दुकानात एक नियम आहे. मोठी काच दोघांनी उचलली की पुढचा वाट काढतो, आणि मागचा "थांब" म्हणाला की पुढच्याने का, कशाला न विचारता थांबायचं. पुढे अर्थातच बाबा. जन्मभर पुढेच राहिल्यामुळे "थांब" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता.

मध्यंतरी त्यांच्या हृदयाचे ठोके मनाला येईल तसे पडू लागले. डॉक्टरबाईंनी मांडीतून नळी घालून ते ताळ्यावर आणले. तेव्हापासून "दुरुस्ती पक्की!" म्हणत बाबा गल्लीभर छाती काढून हिंडत होते. त्यामुळे धडधड परत आली तेव्हा त्यांनी कोणाला पत्ताच लागू दिला नाही.

मला कळलं ते आरशामुळे. नृत्यशाळेच्या जिन्यावरून भलामोठा आरसा चढवत होतो. माझ्याकडे बाबांची पाठ, पण आरशात तोंड दिसत होतं: पांढरंफटक, घामाने डबडबलेलं, आणि स्वतःच्याच छातीला दटावणारं, "गप बस. गप बस म्हणतो ना!"

"थांबा!" मी ओरडले.

आरसा टेकवून ते पायरीवर बसले. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. मग हळूच, "परत सुरू झालंय गं. आता मला स्टुलावर बसवशील, पुट्टी मळायला."

मी भडकले आणि रडलेही, दोन्ही एकदम.

डॉक्टरबाई मात्र शांत होत्या. "परत येतं कधीकधी. गोळी बदलू, लागलं तर पुन्हा नळी घालू. हलकी कामं करा. पण धडधडलं की तिथल्या तिथे थांबायचं, लपवायचं नाही."

"मग आजपासून तुम्ही मागे," मी जाहीर करून टाकलं.

बाबांनी आठवडाभर पुरेपूर सूड उगवला. "थांब!" मी जागच्या जागी. "काही नाही, ते कुत्रं बघ किती गोड आहे." जरा पुढे गेलं की पुन्हा "थांब!" नाक खाजत होतं म्हणे. नियमापुढे माझं काय चालणार?

काल खिडकीची काच नेताना मागून अगदी हळू आवाज आला, "थांब."

मी काच भिंतीला टेकवली. दोघं पायरीवर बसलो. बाबांनी आपणहून मनगट पुढे केलं. माझ्या बोटांखाली नाडी नुसती उड्या मारत होती. बऱ्याच वेळाने ती शहाण्यासारखी चालू लागली. मला इतकं बरं वाटत होतं की मनगट सोडवेना.

"चल," बाबा उठत म्हणाले. "आणि वाट नीट बघ. पुढची तू आहेस."