नानांच्या निंबाची कच्ची फांदी

सुपडू नानांच्या गोफणीला धरणगावच्या आसपास चार गावांत नाव होतं. ज्वारीत दाणा भरला की नाना मचाणावर चढत. त्यांचा धोंडा सुटला की पाखरांचा अख्खा थवा शेजारच्या शेतात जाऊन बसे. शेजारी शिव्या देत आणि नाना मिशीत हसत त्या ऐकत. पाखरू म्हणजे दाण्याचा चोर, यापलीकडे साठ वर्षांत नानांनी त्या जातीचा कधी विचार केला नव्हता.

तो करायची पाळी त्यांच्यावर पायानं आणली. जळगावला कपाशी विकून परतताना नाना गाडीवरून पडले आणि डावा पाय मोडून बसले. हाडं बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, ओटा सोडायचा नाही अशी तंबी दिली. तेव्हा नेमके बिबडे करायचे दिवस. वच्छलाबाईंनी अंगणात बाज टाकली, तिच्यावर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घातले आणि नवऱ्याच्या हातात काठी दिली.

"तुम्हना हात नही मोडना," त्या म्हणाल्या. "पाखरं हाकला."

पहिले काही दिवस नानांनी इमानेइतबारे पाखरं हाकली. पण उन्हाळ्याची दुपार लांब, बोलायला कोणी नाही, आणि अंगणात तर रोज जत्रा. चिमण्या चुलीच्या राखेत लोळून अंघोळ करत. साळुंक्या भाऊबंदकीतल्यासारख्या भांडत आणि मग त्याच जागी शेजारी शेजारी बसत. एक कावळा सुकी भाकरी रांजणाखालच्या ओलीत भिजवून खाई. नाना मनात म्हणाले, अरे, हा तर आपल्यासारखाच, याचेही दात गेलेले दिसतात.

आणि मग होल्याची, कबुतराहून लहान अशा त्या पाखरांची, जोडी आली. ओट्यासमोरच्या निंबाच्या आडव्या फांदीवर, अगदी बेचक्यात, त्यांनी चार काड्या टाकल्या आणि त्यालाच घर म्हणायला लागले. नानांना राग आला. असलं काम त्यांच्या गड्यानं केलं असतं तर त्यांनी त्याला घरी पाठवला असता. पण त्या चार काड्यांवर मादी बसली ती बसलीच. लू सुटली, झाडाची पानं करपली, तिची चोच उन्हानं उघडी पडली, तरी ती हलली नाही. नाना आता दिवसभर तिलाच बघत. अधूनमधून एखादा बिबडा मोडून त्याचा चुरा काठीनं निंबाखाली, तिथल्या पाण्याच्या खापराशेजारी सरकवत. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना.

अशात चोपड्याहून आलेल्या गाडीवानानं निरोप आणला. नानांची लेक मंजुळा लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी येत होती. तिनं सांगितलं होतं, "नानाले सांगा, निंबले झोका बांधी ठेवा."

नानांचा चेहरा आधी खुलला आणि लगेच पडला. दर आखाजीला मोटेचा नाडा सोडून त्याचा झोका निंबाला बांधायचा, आळीतल्या सगळ्या पोरींनी तिथं यायचं, गाणी म्हणायची, हा या घराचा रिवाज होता. आणि त्या निंबाला झोका पेलेल अशी फांदी एकच होती. होल्यांचीच.

शेजारचा हिलाल दोर घ्यायला आला. "नाना, द्या, मी बांधी देस."

"नको," नाना म्हणाले. "फांदी कच्ची शे."

"हाई फांदी?" हिलालनं मान वर केली. "हिनावर दोन म्हशी टांगा, तरी मोडाव नही."

खरं सांगायला नानांची जीभ रेटेना. ज्यानं जन्मभर पाखरांना धोंडे मारले, तो आता एका होलीपायी लेकीचा झोका अडवतो, हे ऐकून गाव पोट धरून हसलं असतं. ते फांदी कच्ची, फांदी कच्ची एवढंच म्हणत राहिले. आखाजीच्या आत पिल्लं उडून जातील, या आशेवर दिवस ढकलत होते. पिल्लं निघाली खरी, पण त्यांना अजून पंखही धड फुटले नव्हते.

वच्छलाबाईंनी हिलालसमोरच सुनावलं, "आंडेर पहिली आखाजीले ई राहिनी, आणि बापले झोका जड झाया?"

मंजुळा आली ती अंगणातच थबकली. तिनं आधी निंबाकडे पाहिलं आणि मग बापाकडे.

"नाना, मन्हा झोका कोठे शे?"

"फांदी कच्ची शे, पोरी."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. भांडली असती तर नानांना बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "माय, लगन झायं म्हनीसन नाना असं करतस का?"

"तुन्हा बापलेच पुस," वच्छलाबाई म्हणाल्या.

नानांना ते ओट्यावर ऐकू आलं. मोडलेल्या पायानं इतका त्रास दिला नव्हता.

दुपारी आळी झोपली. नानांचाही ओट्यावर डोळा लागला होता. फांदी वाजली तसे ते दचकून उठले. मंजुळा पदर खोचून, खांद्यावर नाडा टाकून निंबावर अर्ध्याच्या वर चढली होती. लहानपणी ती अशीच चढायची.

नानांनी काठीही घेतली नाही. कामट्या बांधलेला पाय ओढत ते तापल्या अंगणात उतरले. "मंजू, थांब! तठे एक माय बशेल शे!"

मंजुळा थांबली. तिनं मान लांब करून बेचक्यात पाहिलं. होली तिच्याकडे टक लावून बसली होती. तिच्या पोटाखालून दोन चोची डोकावत होत्या. मंजुळानं खाली पाहिलं. भर उन्हात तिचा बाप एका पायावर उभा होता. तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"नाना, तुम्ही? गोफणवाला नाना?"

"हळू बोल. गाव ऐकी."

ती खाली उतरली, बापाला धरून ओट्यावर आणलं आणि शेजारी बसली. "मंग सांगं काबरं नही?"

"साठ वरीसना गोफणवाला आते होलाना राखणदार झाया, आसं सांगू?"

"माले वाटनं, मी परकी झायी."

"येडी शे का?" नाना म्हणाले. "तूच परकी, तर मंग हाई घर कोन्हं?" एवढं बोलून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. घाम आला म्हणाले.

आखाजीला आळीच्या पोरी आल्या आणि रिकामी फांदी बघून कुरकुरल्या. नानांनी मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा ठसक्यात म्हणाली, "फांदी कच्ची शे. मी सोता चढीसन देखी." आणि सगळ्यांना घेऊन हिलालच्या झाडाकडे गेली. दुपारी मात्र ती ओट्यावर परत येई, आणि बापलेक होलीच्या घरचा कारभार बघत बसत.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी घरोघरचे झोके सुटले आणि नाडे पुन्हा मोटेला लागले. त्याच सकाळी एक पिल्लू फांदीवरून ओट्यावर येऊन आपटलं, नानांकडे बघून फडफडलं आणि कौलावर गेलं. त्याच्यामागे दुसरं गेलं. मंजुळाला उद्या सासरी निघायचं होतं.

नाना नाडा घेऊन लंगडत निंबाखाली आले.

"फांदी पक्की झायी का?" वच्छलाबाईंनी दारातून विचारलं.

"झायी."

"बिबडा पाखरं खातस, ते बाजवर खातस," त्या म्हणाल्या. "निंबखाले चुरा कोन टाकस, हाई माले समजस नही का? आणि पोरीले दोर कोनी दिना? मीच दिना."

नानांनी निंबाखालच्या पाण्याच्या खापराकडे पाहिलं. इतक्या उन्हात ते कधी कोरडं कसं पडलं नाही, याचं त्यांना रोज नवल वाटायचं.

मंजुळानं वर चढून झोका बांधला. ती बसली आणि नानांनी एका हातानं निंब धरून दुसऱ्यानं झोका दिला. ती उंच गेली आणि लहानपणच्या आवाजात ओरडली. कुंपणापलीकडून हिलालनं डोकं वर काढलं.

"नाना, आखाजी सरनी ना!"

"तुन्ही सरनी व्हई," नाना म्हणाले आणि आणखी एक झोका दिला.