मशीनजवळच्या चपला

आमच्या वॉशिंग मशीनजवळ रबरी चपलांचा एक जोड कायम असतो. मशीनला हात लावायचा तर आधी चपला, नाहीतर बोटांना मुंग्या येतात. पाहुण्यांनाही आई हे इतक्या सहज सांगते, जणू बाथरूमची कडीच दाखवतेय.

उद्या ताई येणार होती आणि तिची मुलगी नुकतीच रांगायला लागली होती.

"तिला कुठल्या मापाच्या चपला आणायच्या?" मी आईला विचारलं.

"आल्या आल्या तिरकं बोलू नकोस. ढीगभर कपडे निघतील, माझी मनगटं गेलीत. मशीन बंद ठेवा, एवढं सोडून काहीही सांग."

कामावरून आले होते, पाय दुखत होते. तरी टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे काय, दोन वायरी जोडलेला बल्ब. फ्रिजच्या सॉकेटमध्ये एक वायर फेजला, दुसरी वरच्या जाड भोकात, अर्थिंगला लावली, बल्ब पेटला. मशीनच्या सॉकेटमध्ये तेच केलं, बल्ब ढिम्म. मेन स्विच पाडून ते सॉकेट उघडलं. भोकं तीन, आत वायरी दोनच. अर्थिंगचा स्क्रू कोरा करकरीत होता.

बाबा टॉर्च धरून उभे होते. "त्यात काय एवढं! न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थिंगला जोड. फ्रिजला मीच तसं केलंय. आली कधी मुंगी?"

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणून तिथे बल्ब पेटला होता.

"बाबा, मागे कुठे न्यूट्रल सुटली, तर त्या तुकड्यातून फेज थेट फ्रिजच्या दारावर येईल. मुंग्या नाहीत, झटका."

टॉर्च भिंतीवरच राहिला. मग बाबा हळूच म्हणाले, "दिवसभर ते दार हीच उघडते."

तुकडा मी काढला. दोन्ही प्लगही काढले. वायरमन परवा येणार होता. मीटरपासून अर्थिंगची वेगळी वायर ओढायची आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवायचा.

"म्हणजे फ्रिजही गेला? बाळ येण्याच्या तोंडावर?"

"दोनच दिवस, आई."

"तुमच्या घराण्याचे दोन दिवस मला चांगले माहितेत," असं म्हणत ती दूध तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ सरळ मशीनकडेच रांगत गेलं. दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवून उभं राहिलं आणि थपाथप वाजवू लागलं. बादलीपुढे बसलेली आई अर्धवट उठली.

"प्लग काढलाय ना?"

"काढलाय."

"परत बघ."

मी परत बघितलं. आई खाली बसली.

"सरक जरा," बाबा म्हणाले आणि तिच्या हातातलं दुपटं घेऊन पिळायला लागले.

"अहो, पाणी बादलीत पाडा, माझ्या अंगावर नको."

"बरं," बाबा म्हणाले आणि पुढचं दुपटं उचललं.