चावी कुणाच्या खिशात

तात्यांची उभी हयात विजेच्या खांबांवर गेली. चढण्याआधी खालच्या स्विचला कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकायची, हा त्यांचा शिरस्ता. एकदा चावी खिशात विसरून ते घरी जेवायला आले. अख्खा बाजार दोन तास विजेविना बसला, पण कुलूप तोडायची कुणाची छाती झाली नाही.

सून वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनीयर. "आता स्विच इथूनच चालू-बंद होतात," असं तिने म्हटलं की तात्या भडकायचे. "आणि खांबावर माणूस असला तर? कोळसा होईल त्याचा!"

शेवटी एका दुपारी ती त्यांना तिथे घेऊनच गेली. नेमकी तेव्हाच कुठेतरी तारांवर फांदी पडली. यंत्रणेने आपणहून दुसऱ्या वाटेने वीज फिरवली आणि मिनिटभरात पडद्यावरचं शहर पुन्हा उजळलं. एक गल्ली तेवढी काळी राहिली. तिथे फांदी काढायला लाइनमन खांबावर चढला.

गल्लीतून फोनवर फोन यायला लागले. कंट्रोल रूमच्या साहेबांनी वैतागून लाइन चालू करायचं बटण दाबलं. तात्या खुर्चीतून ताडकन उठले.

गल्ली काळीच राहिली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'चावी लाइनमनच्या खिशात आहे.'

"खाली उतरून त्याने स्वतःच्या मोबाइलवरून कुलूप उघडल्याशिवाय लाइन चालू होत नाही," सून म्हणाली.

"हे कुणाचं डोकं?" साहेब करवादले.

"आमच्या सासऱ्यांचं. मी फक्त संगणकात घातलं."

तात्या खुर्चीत ऐसपैस रेलले. "थांबा की साहेब, एकदा अख्खा बाजार थांबला होता."