मागच्या खोलीतला प्रिंटर

मावशीची रोपवाटिका चांगली चालली होती, आणि मावशीच्या मते ती मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या जिवावर चालली होती. त्यात तिने प्रत्येक झाडाचं लेबल स्वतः लिहून ठेवलं होतं: नाव, ऊन किती, पाणी किती, आणि खाली तिचा शेरा. ‘लाड केलेत तर मरेल.’ ‘विसरलात तरी चालेल.’ शेजारी लेबलांचा प्रिंटर. तो छापताना कण्हायचा, पण अक्षर असं पक्कं की पावसात भिजलं तरी पुसायचं नाही.

भाची ऑर्डरी सांभाळायला आली आणि तिने पुढच्या काउंटरवर आपला नवा कॉम्प्युटर मांडला. झालं! ऑर्डरी पुढे, लेबलं मागे, आणि मधे वाफ्यांमधली निसरडी पायवाट. भाची दिवसभर पेन ड्राइव्ह मुठीत धरून ये-जा करायची. एकदा पाय घसरला, पेन ड्राइव्ह खताच्या ढिगात गेला, आणि माळीकाकांनी अर्धा ढीग चाळून तो शोधला. हात धुता धुता भाचीने ठरवलं, आता ही दोन्ही मशीनं जोडायचीच.

“मावशी, मी पुढून ‘छाप’ म्हटलं की मागे छापलं पाहिजे. तुझ्या फायलीही मला तिथूनच दिसल्या पाहिजेत.”

“दिसू देत की. माझ्या मशीनला हात मात्र लावायचा नाही.”

हात न लावता काय काय करणार? पुढून मागे केबल ओढली, तरी नव्या कॉम्प्युटरला जुना दिसेचना. आधी नेटवर्कमधल्या दोघांच्या गटांची नावं वेगळी निघाली, ती भाचीने एक केली. मग कळलं, जुना ज्या पद्धतीने फायली देतो-घेतो ती पद्धत नव्यात बंदच ठेवलेली असते, कारण त्या वाटेने चोर शिरतात. ती वाट उघडायची तर जुन्याचं बाहेरचं इंटरनेट तोडावं लागणार होतं.

“तोड,” मावशी म्हणाली. “तिला बाहेरचं वारं लागायला नकोच.” मावशीच्या लेखी ते मशीन ‘ती’ होतं.

इंटरनेट तुटलं, जुनी वाट उघडली, आणि नव्या पडद्यावर जुन्याचं नाव उमटलं. भाचीने आनंदाने त्यावर क्लिक केलं. पुढे पासवर्डची चौकट!

भाची पायवाटेवरून ओरडली, “मावशी, तुझा पासवर्ड काय गं?”

“नाही!”

भाचीने ‘नाही’ टाइप केलं. चालेना. मग इंग्रजी अक्षरांत ‘नाही’ टाकून पाहिलं. तेही चालेना. शेवटी ती चिखल तुडवत मागे गेली.

“अगं, नाही म्हणजे नाहीच,” मावशी म्हणाली. “माझ्याच खोलीत शिरायला मी परवानगी कोणाची मागू?”

बिनपासवर्डाच्या घरात नवा कॉम्प्युटर पाऊल टाकायला तयार नव्हता, आणि मावशी कुलूप लावायला. दोन दिवस दोघी फक्त झाडांविषयीच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मावशीच म्हणाली, “तुझ्यासाठी वेगळं दार कर. त्याला हवं तेवढं मोठं कुलूप लाव. माझं दार तसंच राहू दे.”

भाचीने जुन्या मशीनवर आपलं वेगळं खातं उघडलं. लगेच सगळ्या फायली दिसल्या! प्रिंटरचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरसाठी मिळेना, तेव्हा त्याच्या चुलत भावाचा, म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रिंटरचा, शोधून बसवला. तोवर मावशी जेवून मागच्या खोलीला आतून कडी लावून आडवी झाली होती. भाचीने काउंटरवरूनच एक लेबल पाठवलं: ‘चाचणी.’ कण्हणं ऐकू येईना. दुसरं पाठवलं: ‘आता तरी ये बाई.’ काही नाही. ‘पाया पडते, छाप.’ काही नाही. शेवटी तिचं डोकं फिरलं आणि तिने लिहिलं: ‘हट्टी म्हातारी.’ ते रागाने दोनदा पाठवलं आणि घरी निघून गेली.

सकाळी ती नवी केबल आणायला बाजारात गेली. इकडे मावशीने नेहमीप्रमाणे प्रिंटरचं बटण दाबलं आणि रोपांना पाणी घालायला गेली. तिच्या पाठीमागे प्रिंटर कण्हत कण्हत छापू लागला. माळीकाका आले, लेबलांची पट्टी दिसली, दारात विकायची झाडंही दिसली. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी इमानेइतबारे सगळी लेबलं कुंड्यांना लावून टाकली.

भाची परतली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यासाठी झाडं निवडत होत्या. त्यांच्या हातात पांढऱ्या केसांचा निवडुंग होता.

“ही ‘हट्टी म्हातारी’ कुठे ठेवायची हो?”

 मावशीने लेबल वाचलं, भाचीकडे पाहिलं, मग शांतपणे सांगितलं, “उन्हात ठेवा. पाणी बेताचं. सारखी जागा बदललेली तिला खपत नाही.”

“आणि हे ‘आता तरी ये बाई’?”

“पेशंट बसतात तिथे ठेवा.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घेतली आणि हसत हसत गेल्या. माळीकाका उरलेल्या कुंड्या घेऊन गुपचूप शेडमागे सटकले.

“कोण गं हट्टी म्हातारी?” मावशीने विचारलं.

“मशीन गं! काल किती विनवण्या केल्या, एक लेबल छापेल तर शपथ.”

“कसं छापेल? दुपारी जेवले की मी प्रिंटर बंद करते, तो सकाळीच लावते. मी आडवी झाल्यावर त्याने काय म्हणून राबायचं?”

भाचीने हातातल्या नव्याकोऱ्या केबलकडे पाहिलं आणि ती कपाळाला हात लावून एका मोठ्या कुंडीच्या काठावर बसली. मावशी आधी गालात हसली, मग मोठ्याने, मग दोघींना हसू आवरेना.

त्या दिवसापासून लेबलं पुढून पाठवली की मागे बिनबोभाट छापली जातात. बिनबोभाट म्हणजे प्रिंटरपुरतं, तेही त्याचं कण्हणं सोडलं तर. प्रत्येक लेबल बाहेर पडलं की मावशी मागून हाक देते, “आलं गं!” भाची पुढून विचारते, “सरळ आलं का?” मग मावशी ते वाचून दाखवते, शेऱ्यासकट.

माळीकाका वाफे भांगलता भांगलता म्हणाले, “एवढ्या उपद्व्यापापेक्षा चालत येणं बरं होतं. निदान कान तरी शाबूत होते.”