जैसे थे

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक चिठ्ठी आहे: 'चाचणीसाठी. विक्रीस नाही.' त्यामुळे मी दुकानाच्या काचेमागे कधी बसलो नाही आणि कुणाच्या वाढदिवसालाही गेलो नाही. मी व्हिडिओ गेम खेळायचं एक जुनं यंत्र आहे. कर्वेनगरातल्या छोट्या ऑफिसात मला सगळे 'डबा' म्हणत.

मी कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. आठवतात ती शर्मिलाची बोटं. ती माझ्यावर एका परदेशी कंपनीचे खेळ तपासायची. एकाच भिंतीवर दोनशे वेळा आपटून बघायची, कुठून आरपार जाता येतं का. मला ते काम आवडायचं. पुढे कंपनीने सांगितलं, तुमचा स्वतःचा एक खेळ करा. तो शर्मिलाने केला आणि माझ्या पोटात ठेवला.

खेळ खडकीचा होता. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधून एक मुलगी सायकलवर वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन निघते. दुपारचा भोंगा व्हायच्या आत तिला कारखान्याचं फाटक गाठायचं असतं. गाठलं की आतून आवाज येतो, "आला का डबा?" हा आवाज भीमरावांचा, म्हणजे शर्मिलाच्या वडिलांचा. त्याच कारखान्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली.

खेळात एकच गोष्ट राहिली होती, त्यांच्या क्वार्टरच्या दाराचा रंग. क्वार्टर कधीच पाडलं गेलं आणि दार एकाही फोटोत नव्हतं. हिरवं होतं एवढं शर्मिलाला आठवे. पण रंग भीमरावांनी स्वतः दोन डबे मिसळून केला होता. ते म्हणाले, "सांगून रंग कळतो होय? दाखव, मग सांगतो." तोवर तिने दार करडंच ठेवलं.

ऑफिसातून फोटो बाहेर न्यायला बंदी होती. मात्र दर महिन्याचा पहिला शनिवार घरच्यांचा असे, तेव्हा घरची माणसं येऊन काम बघत. भीमराव येणार होते आणि त्यांना घाई होती. त्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती आणि गेलेली परत येणार नव्हती.

त्याच्या आधीपासूनच एक बातमी गाजत होती. आमच्या कंपनीला तिच्याहून मोठी कंपनी विकत घेणार होती. देशोदेशीच्या नियामकांनी विचारलं, सगळे गाजलेले खेळ एकाच घरात गेले तर बाकीच्यांनी करायचं काय? प्रश्न रास्त होता, मी आजही तेच म्हणेन. एका देशाने होकार दिला, दुसऱ्याने अटी घातल्या, तिसऱ्याने नकार दिला आणि चौथा देश कोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी 'जैसे थे' राहावं, असं पत्र भीमराव येणार त्या शनिवारच्या दोन दिवस आधी आलं.

दत्तप्रसाद सर आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. त्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि माझ्या डोक्यावर पाटी लावली: 'जैसे थे आदेश लागू. यंत्रास हात लावू नये. कारण विचारू नये.'

"सर, शनिवारी बाबा येणार होते," शर्मिला म्हणाली.

"आता कुणी यायचं नाही."

"फक्त एका दाराचा रंग विचारायचाय."

"जैसे थे म्हणजे जैसे थे. दारसुद्धा."

मला बंद करायलाही कुणी धजलं नाही. पडद्यावर ती मुलगी एक पाय टेकून उभी होती, समोर करडं दार. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. पंखा फिरत राहिला, धूळ आत येत राहिली. नवी तारीख पडली की सर सांगायचे, अजून निकाल नाही. शर्मिलाला दुसऱ्या टेबलावर कागदांचं काम दिलं होतं. जाता-येता ती मला काही ना काही सांगे. दिवाळीत म्हणाली, बाबांना पेपर वाचता येत नाही. उन्हाळ्यात म्हणाली, आज त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी ऐकलं. आणखी काय करणार होतो.

दीड वर्षाने निकाल लागला. कंपन्या एक झाल्या. उल्का मॅडम, नव्या कंपनीच्या वकील, यादी घेऊन आल्या. अपुरे खेळ रद्द, यंत्रं पाच वाजता कोरी करायची. तेवढ्यात त्यांना पाटी दिसली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. आदेशच होता ना," सर म्हणाले.

"अहो, जैसे थे म्हणजे जे चालू आहे ते तसंच चालू ठेवायचं. दोघांनी कारभार एकत्र करायचा नाही, इतकंच. काम थांबवायला कुणी सांगितलं?"

"आणि शनिवार?" शर्मिलाने विचारलं. "घरची माणसं यायची तो?"

"आधी चालू होता ना? मग चालूच ठेवायचा होता."

सरांनी पाटी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

शर्मिलाने लगेच घरी फोन केला आणि चार वाजता भीमराव रिक्षाने आले. दारातूनच सगळ्यांना जय भीम केला. शर्मिलाने त्यांच्या हातात माझं कंट्रोलर दिलं आणि त्यावर आपले हात ठेवले.

"घर आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं. दार समोरच आहे."

"रंग?"

"दिला नाही अजून. तुमच्यासाठी ठेवलाय."

त्यांनी पडद्याकडे तोंड वळवलं. "हिरव्यात निळा घातला होता. किती, ते नजरेनंच ठरवलं होतं. आता कसं सांगू? राहू दे, जैसे थे."

दोघांनी मिळून सायकल चालवली. दोनदा भिंतीवर आपटले. भोंग्याच्या आत फाटक आलं. माझ्यातून भीमरावांचाच आवाज आला, "आला का डबा?"

"आला," ते हळूच म्हणाले.

पाच वाजता मला पुसलं. आता मी बुधवार पेठेत जुन्या मालाच्या दुकानात आहे. पाठीवरची चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक मला परत ठेवतं. त्याचं मला काही वाटत नाही. ते दार मात्र कुठूनसं आठवतं, करडंच.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हाला कुणी थांबा म्हटलं, तर नक्की काय थांबवायचं ते विचारून घ्या, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आणि घरच्या माणसाला काही दाखवायचं असेल, तर ते याच शनिवारी दाखवा.