आहेत तेवढ्या

"बोट लाव आणि मोज," अनारा शार्शेनोव्ना तिसऱ्यांदा म्हणाल्या. "या चित्रात मेंढ्या किती?"

आयकुमुशने दोन्ही हात बाकाखाली दडवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मागच्या बाकावर कलमत ताता बसले होते. दुसरीतल्या पोरांसाठी केलेला तो बाक. त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. नमद्याची पांढरी टोपी त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि टोपीखाली होती चुकोची पिशवी, म्हणजे मेंढीच्या घोट्यांची गुळगुळीत हाडं. ती खरं तर आयकुमुशच्या, त्यांच्या नातीच्या खिशातली. पण वर्गशिक्षिका झिबेकने दारातच ती काढून तातांच्या हातात दिली होती. "खेळणी आत चालत नाहीत, ताता. नियम आहे."

नियम आणखीही होते. घरच्या माणसाने मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही. आणि आज पोरीला उत्तर आलं नाही, तर जिल्ह्याहून आलेल्या या बाई कागदावर 'मंदबुद्धी' असं लिहून तिला शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत धाडणार होत्या. शहर घाटापलीकडे. बर्फ पडून घाट बंद झाला की चार-चार महिने कुणाची गाठ पडत नाही. पोरीची आई तिकडे मॉस्कोत लोकांच्या फरश्या पुसते, आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आता घरात नात आणि आजोबा एवढेच. पण 'दोघंच उरलो' असं तातांनी कधी म्हटलं नव्हतं. माणसं मोजायची नसतात, जनावरंही नाहीत. मोजली की नजर लागते. चुकून बोट गेलंच तर ते दाताखाली धरायचं.

त्यांनी हे नुसतं ऐकलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. ऐन तरुणपणी ते सामूहिक शेतीवर मेंढपाळ होते, तेव्हा एका तपासनिसाने त्यांना कुंपणाशी उभं करून बोटाने कळप मोजायला लावला होता. त्याच हिवाळ्यात गवतावर बर्फाचा थर बसला आणि अर्धा कळप उपाशी मेला.

"मुलगी बोलते तरी का?" अनारा शार्शेनोव्नांनी झिबेकला विचारलं.

"बोलते हो, बाहेर नुसती टकळी चालू असते. पण वर्गात चित्र दाखवलं की वाचा बसते," झिबेक म्हणाली. शहरात शिकून आलेली ती तरुण पोर वाईट नव्हती. गेल्या महिन्यात तिने स्वतः घरी येऊन तातांना एक छापील कागद दिला होता. वर लिहिलं होतं, 'घरच्या घरी गणिताची गंमत'.

त्या कागदाने घरात महिनाभर धमाल उडवली होती. कागद म्हणे ठोकळे रचा. घरात ठोकळे कुठले? तातांनी बोरसोकची, म्हणजे तळायच्या पुरीच्या तुकड्यांची कणीक लाटली आणि कापली, सहा ओळी, ओळीत सात-सात तुकडे. "सांग, तळायचे किती?" पोरीने कढईत पहिला टाकायच्या आत सांगितलं, "बेचाळीस!" आणि वर, "पण तुम्ही कडेचे दोन खाल्लेत, चाळीसच." कागद म्हणे पट्टीने मोजा, तातांनी घोड्याचा दोर काढला आणि दोघांनी अंगण, गोठा, शेजारच्या म्हातारीची भिंतसुद्धा मोजली. म्हातारी ओरडली, "काय रे कलमत, माझं घर विकायला काढलंस की काय?"

संध्याकाळी मेंढ्या परतल्या की सगळ्यात मोठा खेळ. पोर दाराशी बसायची. एक मेंढी आत गेली की एक हाड पिशवीत. मग ताता विचारायचे,

"मेंढ्या किती?"

"आहेत तेवढ्या!"

"आणि हाडं?"

"एकवीस!"

दोघंही खदखदून हसायचे. एका मेंढीमागे एक हाड, त्यामुळे हिशेब पक्का आणि नजर लागायची ती हाडांना.

फक्त कागदावरची पहिली ओळ तातांनी कोळशाने खोडून टाकली होती. 'घरातली माणसं आणि प्राणी बोटाने मोजा.' असलं भलतं काही पोरीला शिकवायचं नाही, असं त्यांनी तेव्हा मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं. आता जिल्ह्याच्या बाई नेमकी तीच ओळ विचारत होत्या. पोरीला काही येत नव्हतं असं नाही, आपणच तिच्या तोंडाला कुलूप घातलंय, हे त्यांना लख्ख कळलं.

"बाई, तिला हाडं द्या," ते एकदम उठून म्हणाले. "हाडं दिलीत तर—"

"आक्साकाल!" अनारा शार्शेनोव्ना वळल्या. वडीलधाऱ्याला द्यायचा मान त्यांनी दिला, पण आवाज कडक होता. "एक शब्दही बोलायचा नाही म्हटलं होतं ना? पुन्हा बोललात तर 'घरच्यांनी सांगितलं' असं लिहून मी तपासणी इथेच थांबवीन."

झिबेकने डोळ्यांनीच त्यांना बसण्याची विनवणी केली. ताता बसले.

"शेवटचं विचारते हं, बाळ. मेंढ्या किती?"

आयकुमुशने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण हात अजून बाकाखालीच. बाईंनी सुस्कारा सोडला, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म पुढे ओढला.

त्यांची मान खाली गेली तेवढ्यात तातांनी हात वर केला. पन्नास वर्षांत जी तर्जनी कुठल्या जिवावर रोखली नव्हती, ती त्यांनी लांबूनच फळ्याशी टेकवलेल्या चित्रावर रोखली. एक मेंढी. मग दुसरी. मग तिसरी. ओठ मिटलेले, पण बोट थांबलं नाही. काळं कोकरू आलं तसं त्यांना भडभडून आलं, तरी त्यांनी तेही सोडलं नाही. शेवटच्या मेंढीपर्यंत गेल्यावर हात खाली आणून त्यांनी तो टोपीत लपवला. बोट दाताखाली मात्र धरलं नाही, कारण पोर बघत होती.

बाक सरकल्याचा आवाज झाला. आयकुमुश फळ्याजवळ गेली आणि चित्राला बोट लावलं.

"एक, दोन, तीन..." आवाज आधी फुटेना, मग चढत गेला. "सतरा! आणि दोन कोकरं धरली तर एकोणीस. कोकरं धरायची का?"

अनारा शार्शेनोव्नांचं पेन हवेतच राहिलं. मग त्यांनी विचारायचा सपाटा लावला. एकोणिसातून आठ विकल्या तर? अकरा. सहा सत्ते? "बेचाळीस. पण कडेचे दोन ताता खातात." झिबेकला हसू आवरेना. पाऊण तासाने फॉर्मवर सही झाली. 'इथेच शिकू द्यावं.'

"एवढं येतं, तर महिनोन्‌महिने गप्प का होती?" बाईंनी दारात विचारलं.

"लाजते," ताता म्हणाले.

घरी येताना पोर उड्या मारत पुढे पळत होती. वाटेवरचे खांब मोजले, कावळे मोजले, दुकानापुढे उभी असलेली माणसंही बोट रोखून मोजली. "चार!" ताता मागून चालत होते. एकदा त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने?

उन्हं उतरली तशा मेंढ्या परतल्या. तातांनी पिशवी उघडून पोरीपुढे धरली. तिने आत पाहिलंसुद्धा नाही. ती कुंपणावर चढली आणि आत जाणाऱ्या एकेका मेंढीवर बोट रोखत खणखणीत आवाजात मोजू लागली. तातांनी तिला मोजू दिलं.

फाटक लागलं. कडी घालून ते रोजच्यासारखे तिच्याकडे वळले.

"मेंढ्या किती?"

"एकवीस!" आयकुमुश म्हणाली आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे बघत राहिली.

"शाबास," ताता म्हणाले.

ती आत पळाली. तातांनी पिशवीची दोरी ओढून गाठ मारली आणि अंधार पडेपर्यंत ते फाटकाशीच उभे राहिले.