सिरिल टॉर्डॉफ निघाला होता

मेव्हिस टॉर्डॉफला मी शाळेपासून ओळखते. शाळेत पोरं तिच्या मागे ओरडायची, "तुझा बाप जागचा हलत नाही!"

तिचा बाप सिरिल काउंटीच्या क्रिकेट संघाचा पगारी खेळाडू. एका सामन्यात शेवटची जोडी मैदानात, जिंकायला दोन धावा हव्यात, आणि चेंडू सिरिलच्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. पंचाला कळलंच नाही. आमच्याकडे कड लागली की फलंदाज आपण होऊन चालू पडतो. सिरिल खेळत राहिला. काउंटी जिंकली, त्याची मात्र अब्रू गेली. पबमध्ये त्याच्या शेजारी कोणी बसेना. मरेपर्यंत तो यावर चकार शब्द बोलला नाही.

यंदा बंद पडलेल्या थेटराच्या माळ्यावर त्या सामन्याची फिल्म सापडली. आमच्या क्रिकेट क्लबाचे अध्यक्ष रूपर्ट ॲव्हरिल, म्हणजे त्या वेळच्या कप्तानाचे चिरंजीव, सभेत म्हणाले, "फक्त चहापानापर्यंतचा भाग दाखवू. मेव्हिसबाई, उगाच खपली कशाला काढायची? तुमच्या वडिलांसाठीच म्हणतोय."

"माझ्या वडिलांचं मी बघते. लबाड असतील तर लबाड दिसू देत. सगळी लावा."

साहेब ऐकेनात. क्लबाचा चहा माझ्याकडे असतो. तेव्हा मी किटलीवर झाकण ठेवलं आणि सांगितलं, फिल्म लागल्याशिवाय कोणाला चहा नाही. चहाशिवाय आमच्या क्लबाचं पान हलत नाही. फिल्म लागली.

मुकी फिल्म. झेल घेतला, यष्टिरक्षकाने चेंडू उडवला. सिरिलने पंचाकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅट काखेत मारली आणि निघाला! प्रेक्षकांच्या लक्षात यायच्या आत समोरच्या टोकाला खेळणारा त्याचाच कप्तान धावत आला, त्याच्या आडवा आला, आणि बोटाने त्याला परत जागा दाखवली. सिरिल काहीतरी बोलला. बोट तसंच राहिलं. मग टोपीला हात लावून तो मागे फिरला. पगारी माणूस कप्तानाला नाही कसं म्हणणार?

मला रडू कोसळलं. मेव्हिस रडली नाही. ती काठी टेकत उठली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही ही आधी पाहिली होतीत."

साहेबांनी मान खाली घातली. "हो. माझे वडील होते, मेव्हिसबाई."

"तुमच्या वडिलांपायी माझे बाबा जन्मभर गप्प बसले. मी उद्यापर्यंतही गप्प बसणार नाही. दारं उघडा, गावाला आत बोलवा आणि फिल्म पुन्हा लावा."